फळ्यावरची नावं आणि कपाटातला डबा

येशूच्या बारा शिष्यांमधला खजिनदार कोण होता, हा विनोद आमच्या ख्रिस्ती मंडळीचा खजिनदार म्हणून मला इतक्या जणांनी ऐकवला की पुढे पुढे तो मीच आधी सांगून टाकू लागलो. थैली यहूदाकडे असायची. लोक हसतात, मीही हसतो. माझ्या चुका मात्र यहूदाच्या जातीच्या नव्हत्या. मंडळीचा एक पैसा मी खाल्ला नाही, आणि खरं तर तिथेच सगळं बिनसलं. आपण पैसे खात नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते दुसऱ्यालाही दिसायला हवं हे कधी सुचलंच नाही.

आमची मंडळी बदलापूर पूर्वेला, खरवईत. पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक हार्मोनियम, एक ढोलकी आणि पावसाळ्यात उपदेशापेक्षा मोठा आवाज करणारं छत. माणसं सगळीकडून आलेली. कुणी नगर-जालन्याकडची, कुणी मुंबईतली चाळ सोडून स्वस्त घरासाठी इकडे सरकलेली. कुणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला, कुणी रेल्वेत, कुणी एमआयडीसीत ठेकेदाराकडे, कुणी उल्हासनगरला जीन्स शिवणारा, नगावर पैसे घेणारा. मी स्वतः एका केमिकल कंपनीत अकाउंट्सला होतो. कंपनीत रिक्षाच्या भाड्यालाही व्हाउचर मागायचो. त्यावरून शॉप फ्लोअरची पोरं मला मागे काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोच मी रविवारी दानाच्या थैल्या घरी न्यायचो, जेवण झाल्यावर एकटाच पलंगावर ओतून मोजायचो, आकडा वहीत लिहायचो आणि पैसे कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो. कंपनीतला नियम देवाच्या पैशाला लावणं म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास, असं मला वाटायचं. मला कुणी तसं शिकवलं नव्हतं.

डब्याला एक सवय लागते. कुणाचं मूल दवाखान्यात असलं की रात्री फोन यायचा, मी डब्यातून दोन-तीन हजार द्यायचो. चांगलंच काम होतं ते. पण लिहून ठेवायचो नाही, कारण घेणाऱ्याला संकोच नको. काही पैसे परत आले, काही नाही. परत न आलेले मी गुपचूप माझ्या पगारातून भरायचो आणि मनातल्या मनात स्वतःला मोठा दाता समजायचो. प्रत्यक्षात मंडळीचे पैसे कुणाला उसने द्यायचा अधिकार मला नव्हताच. सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा, कुठे गुंतवायचा, हे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात लिहिलेलं आहे आणि त्यात बिस्किटांचा डबा नाही. गरजूंना मदत करायची तर तसा फंड ठरवायचा, कमिटीने मंजूर करायचा आणि घेणाऱ्याचं नाव झाकूनही रक्कम लिहायची. हे मला कंपनीत कुणी विचारलं असतं तर झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

आता फळ्याविषयी. दान वाढावं म्हणून मी दारापाशी काळा फळा लावला. दर महिन्याला दशमांश देणाऱ्यांची नावं आणि समोर रक्कम, मोठ्या आकड्यापासून खाली. पाळकसाहेबांना ते फारसं पटलं नव्हतं, पण भिडस्त माणूस, बोलले नाहीत. फळ्यावर वरची चार-पाच नावं कायम तीच असायची, पेन्शनर आणि रेल्वेवाले. सगळ्यात खाली एका मावशींचं नाव असायचं, त्या चार घरची धुणीभांडी करायच्या, समोर पन्नास रुपये. बायबलातल्या गरीब विधवेने दान दिलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे क्षुल्लक नाण्यांवर, आमच्याकडे वर्षातून एकदा तरी उपदेश होतो, आणि त्या गोष्टीतली बाई मी शेवटच्या ओळीत खडूने लिहून टांगत होतो. एका महिन्यात फळ्यावर त्यांचं नाव नव्हतं. पुढच्या महिन्यात त्या स्वतःही दिसल्या नाहीत. मला वाटलं, गावी गेल्या असतील. वर्षभराने कळलं की त्या अंबरनाथच्या दुसऱ्या मंडळीत जातात. बाजारात भेटल्या की आजही “सलाम भाऊ” म्हणतात, तब्येत विचारतात. आमच्याकडे परत आल्या नाहीत.

फळ्याचा दुसरा घोळ तारखेचा होता. दशमांशाचा रविवार म्हणजे महिन्याचा पहिला, असं पूर्वापार ठरलेलं. ठरवलं कुणी? ज्यांचा पगार किंवा पेन्शन एक तारखेला खात्यात जमा होते त्यांनी. ठेक्यावरच्या पोरांचा पगार तेव्हाच्या कायद्याने सात किंवा दहा तारखेपर्यंत व्हायचा असे, आणि ठेकेदाराच्या मर्जीने त्याच्याही पुढे जाई. म्हणजे पहिल्या रविवारी त्यांच्या खिशात उधारीशिवाय काही नसायचं. दुसऱ्या रविवारी पैसे असायचे, पण तेव्हा फळा लिहून झालेला असायचा. मी कमिटीत कितीदा म्हटलं, तरुण पिढी दानात मागे पडतेय! त्यांच्यापैकी एकालाही मी पगार कधी होतो हे विचारलं नव्हतं.

मग मलाखी. दान घटलं की बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायावर उपदेश, हा आमच्या लोकांचा जुना इलाज. मीच पाळकसाहेबांच्या मागे लागून तो करायला लावला, आणि घोषणांच्या वेळी स्वतः उभा राहून देवाला लुबाडण्याविषयी चार शब्द बोललो. त्या रविवारी थैली जड झाली, त्याच्या पुढच्याही. महिनाभरात ती पूर्वीपेक्षा हलकी झाली. भीतीने सोडवून घेतलेला पैसा एकदाच मिळतो. त्याच भाषणाच्या ओघात मी आणखी एक दिवा लावला. पावती घ्या, आयकरात सवलत मिळेल, असं सांगितलं. कंपनीत ज्या संस्थांच्या ८० जी पावत्या यायच्या त्यांच्यासारखीच आपलीही संस्था, असा माझा समज. केवळ उपासनेसाठी असलेल्या न्यासाला ती सवलत नसते. एका सज्जन पेन्शनरांनी माझ्या शब्दावर रिटर्नमध्ये वजावट दाखवली आणि पुढे दुरुस्त करत बसले. मला काही बोलले नाहीत, फक्त पावती परत आणून दिली.

सुगीच्या सणाचा लिलाव तर मी उत्साहाने करायचो, माझा आवाज चांगला आहे. लोकांनी आणलेले भोपळे, काकड्या, भाताच्या लोंब्या, अंडी, एखादी कोंबडी, घरचा केक, बोली लागायची. एकदा एक लिंबू अकराशेला गेलं आणि टाळ्या वाजल्या. अकराशे आले नाहीत. लिलावातला अर्धा पैसा उधारीवर असतो हे मला माहीत होतं, तरी बोलीचा आकडा मी जमा म्हणून लिहायचो. कंपनीत न आलेला पैसा येणे बाकी म्हणून वेगळा दाखवायचो, मुदत उलटली की रोज फोन करायचो. इथे लिंबू घेणाऱ्याला फोन कसा करायचा? त्या जमेच्या भरवशावर छताचं काम काढलं, आणि पत्रेवाल्याचे पैसे थकले.

हे सगळं कसं चालून गेलं, असं कुणी विचारेल. एक कारण फार जुनं आहे. आमच्यातल्या बऱ्याच घरांची मुळं नगर जिल्ह्यातल्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये. हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला ठाण मांडलं. देऊळ त्यांनी बांधलं, शाळा त्यांची, पाळकाचा पगार त्यांच्याकडून. खेड्यातल्या मंडळ्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं यासाठी त्यांनी पुढे प्रयत्न केले, पण मिशन कुठून तरी पैसे आणतं हे लोकांच्या मनात बसलं ते बसलंच. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, तेव्हा या देशातल्या ख्रिस्ती माणसाने मिशनच्या पगारावर जगू नये हाही त्यांचा आग्रह होता. टिळक हिशेबाच्या बाबतीत आदर्श नव्हते. हातात आलेलं कुणालाही देऊन टाकायचे, आणि संसार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कशा ओढायच्या ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंची जास्त कीव येते, बहुधा मी खजिनदार असल्यामुळे.

तर ती समजूत खरवईतही होती. आजूबाजूच्यांची तर होतीच, आमच्याच लोकांचीही होती: वरून, बाहेरून, फॉरेनहून काहीतरी येत असेल. म्हणून हिशेब कुणी मागत नव्हतं. वास्तविक परदेशी देणगी घ्यायची तर केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरावा लागतो. आमची अशी नोंदणी नव्हती, आजही नाही. परदेशातून एक रुपया घेण्याची आम्हाला सोय नाही. हे मी मंडळीला कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, हे काय सांगायचं, सगळ्यांना माहीत असेल.

माझी सगळ्यात मोठी चूक मी नोटाबंदी जाहीर झाली त्या, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री टीव्हीसमोर बसून मोजली. डब्यात छताचा फंड होता, एक लाख ब्याण्णव हजार, बहुतेक पाचशे-हजारच्या नोटा. बँकेत मंडळीचं खातं होतं, पण दोन वर्षांहून जास्त काळ त्यात व्यवहार नव्हता, कारण व्यवहार डब्यात चालायचे. ते निष्क्रिय झालेलं. चालू करायला सह्या लागत. सह्या करणाऱ्यांतले एक वारलेले, दुसरे म्हणजे आधीचे पाळक, बदली होऊन गेलेले. नवी नावं घालायची तर ती आधी धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत हवीत. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो मी दिला नव्हता. दिला नव्हता म्हणजे काय, अर्ज भरून तयार होता, त्याच डब्याखाली होता.

केवायसी पूर्ण नसलेल्या खात्यात जुन्या नोटा पन्नास हजारांपर्यंतच भरता येत होत्या. बँकेत खेपा घालून तेवढे भरले. उरलेले एक लाख बेचाळीस हजार मी माझ्या बचत खात्यात भरले. त्या वेळी मला दुसरा मार्ग दिसला नाही. आज दिसतो: त्याच संध्याकाळी कमिटी बोलवायची, सगळ्यांसमोर नोटा मोजायच्या, ठराव लिहायचा, मग काय ते करायचं. मी कुणालाच सांगितलं नाही. मंडळीची लाज जाईल म्हणून, असं स्वतःला सांगितलं. लाज माझीच होती. मग पैसे काढायला मर्यादा आली, आठवड्याला चोवीस हजार, त्यातच घरखर्चही. पत्रेवाल्याला तुकड्या-तुकड्याने देत गेलो. आणि नेमकी त्याच डिसेंबरात बायकोची भिशी लागली, आमच्याकडे नवा फ्रिज आला.

फ्रिज जिन्यावरून चढवताना मंडळीतल्या दोघांनी पाहिला. नाताळच्या आत सगळ्या खरवईत झालं होतं. मी चिडलो, दोन महिने काही जणांशी बोललो नाही. इतकी वर्षं फुकट राबतोय, त्याचं हे फळ! पण रात्री वही घेऊन बसलो आणि एखाद्या ऑडिटरच्या नजरेने वाचली. मंडळीचा पैसा खजिनदाराच्या खात्यात, ठराव नाही, उसनवारीची नोंद नाही, न आलेली बोली जमेला. कंपनीत असा माणूस सापडला असता तर मीच त्याला कॅबिनमध्ये बोलावलं असतं. लोकांनी संशय घेतला तो फ्रिजमुळे नव्हता. फ्रिज येईपर्यंत त्यांनी संशय घेतला नाही, हा त्यांचा भलेपणा.

वार्षिक सभेत मी हिशेब वाचला. मंडळीतली एक मुलगी तेव्हा कल्याणला सीएकडे आर्टिकलशिप करत होती. ती उभी राहिली. “काका, ही शिल्लक म्हणताय ती बँकेत आहे, डब्यात आहे की नुसती वहीत आहे?” सभेत कुणी हसलं नाही. मी सगळं सांगितलं: डबा, उसने, लिंबू, माझं खातं. पासबुक दाखवलं. आणि सांगता सांगता जे मी वर्षभर गिळून बसलो होतो तेही बाहेर पडलं: पाळकसाहेबांचं मानधन दोन महिन्यांचं थकलं होतं. विजेचं बिल, पत्रेवाला, खुर्च्या, सगळ्यांना देऊन उरेल ते पाळकांना, असा माझा क्रम होता. ते मागत नव्हते. मीही बोलत नव्हतो. कमी पडतंय हे चारचौघांत सांगणं म्हणजे मंडळीची अब्रू काढणं, असं मला वाटायचं. पाळकांच्या बायकोने संडे स्कूल सुटल्यावर शिकवण्या सुरू केल्या होत्या. लोकांना वाटायचं, बाईंना आवड आहे.

त्या सभेत माझ्यावर ओरडणारे दोघे निघाले. बाकीच्यांनी विचारलं ते एवढंच, महिन्याला किती कमी पडतात? मी आकडा सांगितला. थकलेलं मानधन पुढच्या दोन रविवारांत फिटलं. मलाखी लागला नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी सगळं उलटं टांगून ठेवलं होतं. कोण किती देतो, हे झाकायचं ते फळ्यावर. आणि पैसा कुठे जातो, किती कमी पडतो, हे फळ्यावर लिहायचं ते कपाटात.

मी राजीनामा दिला, तो घेतला नाही. त्याऐवजी त्या मुलीला सहखजिनदार केलं आणि माझे खरे हाल सुरू झाले. थैली आता उपासनेनंतर तिथेच, टेबलावर, एका कुटुंबातली नसलेली दोन माणसं मोजतात. त्यांतला एक दर रविवारी बदलतो. मोजणीच्या वहीत नोटांची फोड, दोन सह्या. सोमवारी बँक. पाकिटांवर नावाऐवजी नंबर, नंबर कुणाचा ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक. थैलीत निनावी टाकणारे टाकतातच. केवळ धार्मिक असलेल्या न्यासाच्या निनावी दानावर आयकर खात्याचा वेगळा कर बसत नाही, पण आकडा त्या दिवशीच्या वहीत हवा. छताचा पैसा छताला, गरिबांचा गरिबांना, एकातून दुसऱ्यात घ्यायचं तर कमिटीचा ठराव. दर महिन्याला फळ्यावर चार ओळी: काय आलं, काय गेलं, शिल्लक, कमी. मानधन पहिल्या ओळीत. व्हाउचरची फाईल सभेच्या दिवशी बाहेर, कुणीही उघडावी. पहिल्या वर्षी खूप जणांनी उघडली. आता कुणी उघडत नाही, तरी ठेवतो.

यात नवं काही नाही. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम न्यायला तीताबरोबर आणखी भाऊ पाठवले, कुणी बोट दाखवू नये म्हणून. दुसऱ्या करिंथकरांसच्या आठव्या अध्यायात आहे. तो अध्याय मी दान वाढवण्यासाठी कितीदा वाचून दाखवला असेल. ते दोन-तीन श्लोक मात्र नेहमी ओलांडून गेलो.

दान वाढलं का, हे मला सगळे विचारतात. वाढलं, हळूहळू. दशमांशाचं पाकीट कोणत्याही रविवारी चालेल असं जाहीर केल्यावर ठेक्यावरच्या पोरांची पाकिटं यायला लागली. छोटी, पण न चुकता. महिला मंडळाने स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायला सुरुवात केली. मिझोराममधल्या बायका शंभरहून अधिक वर्षं हेच करत आल्या आहेत, त्याला तिकडे ‘बुहफाई थाम’ म्हणतात, आणि त्या मुठींवर तिथल्या चर्चचं केवढं तरी काम चालतं. आमच्या मुठी छोट्या. पण २०२० मध्ये उपासना बंद पडल्या आणि नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रातली सगळी प्रार्थनास्थळं कुलूपबंद राहिली, तेव्हा ठेकेदारांनी घरी बसवलेल्या पोरांच्या घरी त्या तांदळाची पोती गेली. त्या महिन्यांत व्हॉट्सॲपवर आम्ही फक्त एवढंच टाकायचो, या आठवड्यात इतक्या घरांना किराणा लागतोय, कुणाच्या घरांना ते नाही. क्यूआर कोड न्यासाच्या खात्याचा. माझ्या नंबरचा टाकू या, लवकर होईल, असं एक जण म्हणाला होता. त्याला मी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

सगळंच गोड झालं असंही नाही. फळ्यावर कायम पहिलं नाव असणाऱ्या एका गृहस्थांनी नावं पुसल्यावर दान निम्म्यावर आणलं. अजून तेवढंच देतात. त्यांना वाईट म्हणायची माझी हिंमत नाही, तो फळा मीच लावला होता. लिलाव आम्ही चालू ठेवला, रोख किंवा मोबाइलवर तिथल्या तिथे, उधारी बंद. लिंबाला आता शंभर-सव्वाशेच्या वर कुणी जात नाही. माझं मत विचाराल तर लिलाव बंदच करावा. जास्त बोली लावणाऱ्याला टाळ्या आणि भोपळा आणणाऱ्याला काहीच नाही, हे मला पटत नाही. कमिटीत मी एकटा पडतो.

तुमच्यापैकी कुणी चर्चचा, देवळाचा, मशिदीचा, सोसायटीच्या गणपतीचा खजिनदार असेल आणि ते पैसे या घटकेला तुमच्या घरी कपाटात असतील, तर तुम्ही प्रामाणिक आहात हे मी धरूनच चालतो. उद्या बँक उघडली की ते भरून या. जाताना दुसऱ्या कुणाला तरी सोबत न्या.